पिंजाऱ्याचा राखणदार

आमच्या घरी कुत्रा आला तो नोकरीवर आला. हौसेनं पाळायचा म्हणून आणला असता, तर दादीनं, म्हणजे अब्बांच्या आईनं, त्याला गल्लीच्या तोंडावरूनच परत पाठवला असता आणि त्याच्या मागोमाग अब्बांनाही.

अब्बा पिंजारी होते. मारेगावात बाजाराच्या मागे आमचं दोन खोल्यांचं घर, पुढे लहानशी ओसरी आणि घराला लागून पत्र्याची शेड. आजोबा खांद्यावर धुनकी, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, टाकून खेडोपाडी फिरायचे, लोकांच्या अंगणात बसून त्यांच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचे. अब्बांनी विजेवरचं मशीन घेतलं, तेव्हापासून लोक आमच्याकडे यायला लागले. शेडला आम्ही मोठ्या तोऱ्यात कारखाना म्हणायचो. मशीन सुरू झालं की शेजारच्या घरातली भांडी वाजत.

गावातल्या सरकारी क्वार्टरमध्ये एक साहेब राहायचे. त्यांची बदली झाली, तेव्हा जायच्या आधी बाईंनी घरातल्या सगळ्या गाद्या पिंजून मागितल्या. अब्बा त्या हातगाडीवर घालून पोचवायला गेले आणि रिकाम्या हातगाडीवर कुत्रा बसवून परत आले. नव्या गावी साहेबांना जो फ्लॅट मिळाला होता तिथं कुत्रा चालणार नव्हता. बाई रडत होत्या म्हणे, आणि समोर कुणी रडत असलं की अब्बांना नाही म्हणता येत नसे. ह्या एका गुणापायी आमच्या घरात आजवर काय काय आलं ते सांगत बसले, तर दादीची बाजू घेतल्यासारखं होईल.

कुत्रा स्पॅनियल जातीचा होता. तपकिरी आणि पांढरा, अंगभर रेशमासारखे केस, डोळे सदा ओले आणि कान गळ्याच्या खाली लोंबणारे. शेपूट लहानपणीच कापलेलं. मारेगावात असा कुत्रा कुणी पाहिला नव्हता. हातगाडीमागे अर्धी गल्ली चालत आली होती आणि हा कुत्रा आहे की बकरी, ह्यावर चर्चा चालू होती.

"हे काय आनलं?" दादीनं दारातच विचारलं.

"कुत्रा हाय अम्मा."

"ते दिसून राह्यलं मले. कायले आनला?"

"राखणीले," अब्बा म्हणाले.

आमच्या घरात हिंदी आणि वऱ्हाडी एकाच ताटात वाढलेली असायची, आणि दादी चिडली की वऱ्हाडीवर यायची. ती म्हणाली, ज्या घरात कुत्रा राह्यते तिथं फरिश्ते पाय टाकत नाहीत, मंग तुमीच ठरवा तुमाले कोन पायजे ते. अब्बा वाद न घालता मशिदीत गेले आणि मौलानांना विचारून आले. शेताच्या, जनावरांच्या, मालाच्या राखणीला कुत्रा ठेवता येतो, राहत्या घरात मात्र नको, असं मौलाना म्हणाले. कारखान्यात माल होता. म्हणजे त्यातला बराच लोकांच्या जुन्या गाद्यांचा कापूस होता, पण माल तो माल.

"जुनी रुई कोन चोरते?" दादीनं विचारलं. अब्बा कुत्र्यासाठी पाणी आणायला गेले. शेवटी दादीनं अटी घातल्या. कुत्रा शेडमध्येच राहील. घराचा उंबरा ओलांडणार नाही, ओसरीवरसुद्धा येणार नाही. त्याचं तोंड लागलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीनं. आणि ती स्वतः त्याला कधी हात लावणार नाही. अशा रीतीनं अब्बांची आणि कुत्र्याची दिवसभराची जागा एकच ठरली, मशीनच्या शेजारी. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.

साहेबांकडे त्याचं एक इंग्रजी नाव होतं. ते दादीच्या जिभेवर बसेना, म्हणून ती टोमणा मारून त्याला राखणदार म्हणायला लागली आणि तेच चिकटलं.

राखणदारीचा एकही गुण त्याच्यात नव्हता. भुंकायचा तो फक्त स्वतःच्या शिंकेवर. येईल त्या माणसाच्या पायाशी लोळण घ्यायची, त्याला हुंगायचं आणि कापलेल्या शेपटाचा बुंधा हलवून हलवून स्वतःच पडायचं. एकदा भर दुपारी कुणीतरी शेडमधून गादीच्या कापडाचा गठ्ठा उचलून नेला, तेव्हा हा त्या चोराबरोबर चौकापर्यंत चालत गेला. चहावाल्यानं त्याला ओळखून घरी आणून सोडलं. त्या रात्रीच्या जेवणाला दादीनं त्याला मनसोक्त टोमणे मारले, पण दुसऱ्या दिवशी शेजारची बाई विचारायला आली, "काय मंग, राखणदार होता ना तुमचा?" तेव्हा दादी तिच्यावर उखडली. "त्याच्यामुळंच तं एकच गठ्ठा गेला," म्हणाली. घरातल्या माणसाला आपण बोलावं, बाहेरच्यानं नाही, हा तिचा कायदा होता. कुत्रा त्या कायद्यात केव्हा येऊन बसला ते तिलाही कळलं नसावं.

त्याचं करणं सोपं नव्हतं. गावठी कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकला की काम झालं. ह्याचे कान पाण्यात पडायचे, जेवणात पडायचे, मग ओले राहून आत सडायचे. म्हणून जेवायच्या वेळी माझी शाळेची रिबीन घेऊन मी त्याचे दोन्ही कान डोक्यावर बांधायची. दादी खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "निकाहले चालली का नवरी?" दर जुम्म्याला अम्मी कोमट पाण्यात कापसाचा बोळा बुडवून त्याचे कान आतून पुसून काढायची. बोळ्यासाठी कापूस विकत आणावा लागत नव्हता, तेवढं एक सुख. उन्हाळ्यात आमच्याकडे पत्रा असा तापतो की शेडमध्ये उभं राहवत नाही. अब्बा शिंप्याकडून कात्री आणून त्याचे पोटाखालचे केस बारीक करायचे आणि गोणपाट भिजवून त्याच्याखाली टाकायचे. खाटकाकडून आणलेले चिचडे, म्हणजे मांसाचे टाकाऊ तुकडे, अम्मी हळद घालून दलियात शिजवायची आणि रोज म्हणायची की घरच्या माणसांना एवढं कुणी करत नाही. करायची मात्र रोज.

आणि कंगवा. साहेबांच्या बाईंनी कुत्र्याबरोबर लोखंडी दातांचा एक कंगवा दिला होता. असे केस रोज विंचरले नाहीत तर गाठी होतात, असं सांगून. ते काम अब्बांनी कुणाला दिलं नाही. अस्रच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर काम आवरत आणायचं, मशीन बंद करायचं, शेडच्या दारात पाटावर बसायचं आणि कुत्र्याला दोन गुडघ्यांत धरून विंचरायचं. मग साबणानं हातपाय धुऊन, कपडे बदलून मगरीबला, सूर्यास्ताच्या नमाजाला, जायचं. रोज कंगव्यात तपकिरी केस निघायचे आणि त्याहून जास्त पांढरा कापूस. दिवसभर मशीनजवळ बसून त्याच्या अंगात शिरलेला. अब्बा त्याचा गोळा करायचे. एरवी आमच्या घरात कापसाचा कणही वाया जात नसे, पण कुत्र्याच्या केसाचा कापूस कुणाच्या गादीत घालायचा नाही, अशी दादीची ताकीद होती. म्हणून तो गोळा अब्बा मागच्या भिंतीवर ठेवायचे आणि चिमण्या घरट्यांसाठी घेऊन जायच्या. आमच्या गल्लीतल्या चिमण्या गादीवर झोपतात, असं अब्बा म्हणायचे.

मग ती वर्षं आली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायला लागलं आणि लांबलांबचे लोक गाड्या घेऊन खेड्यांत जायला लागले. त्यांनी जे लिहिलं ते सगळ्यांनी वाचलं. पिंजाऱ्याच्या शेडमध्ये ती वर्षं कशी आली ते कुणी विचारलं नाही, म्हणून सांगते.

आमच्याकडे पूर्वी रीत होती. लेकीचं लग्न ठरलं की शेतकरी पहिल्या वेच्यातला चांगला कापूस तिच्या गादीसाठी बाजूला काढायचा. तो जिनिंगमधून सरकी काढून आमच्याकडे यायचा. बाई स्वतः सोबत यायची, मशीनसमोर बसून राहायची, आपला कापूस आपल्याच गादीत जातो की नाही ते बघायला. नवा कापूस पिंजताना फार धूळ होत नाही. शेड पांढरीशुभ्र व्हायची आणि अब्बा गुणगुणत असायचे. त्या वर्षांत पहिला वेचाही बाकीच्यासोबत बाजारात जायला लागला. लग्नं काही थांबली नाहीत. आजीची गादी उसवून नातीला, चार जुन्या रजया फोडून एक गादी, असं सुरू झालं. वीस-वीस वर्षं अंगाखाली दबलेला, घामानं, लहान मुलांच्या मुतानं, मातीनं काळवंडलेला तो कापूस मशीनमध्ये घातला की शेडमध्ये समोरचा माणूस दिसत नसे.

आणखी एक गोष्ट व्हायला लागली. मयताची गादी पूर्वी कुणी पिंजायला आणत नसे. कुणी देऊन टाकायचं, कुणी जाळून टाकायचं. त्या वर्षांत त्याही यायला लागल्या. आणणारा माणूस गादी ठेवून लगेच निघून जायचा, बसायचा नाही, चहा घ्यायचा नाही. अब्बांना त्यावरूनच कळायचं. ते काही विचारत नसत. ती गादी मशीनमध्ये घालताना नुसतं बिस्मिल्ला जरा मोठ्यानं म्हणायचे. कुत्र्याला मात्र सगळ्या गाद्या सारख्या. तो त्यावरही जाऊन आरामात झोपायचा, आणि का कोण जाणे, अब्बांना ते बरं वाटायचं. काम सुरू करेपर्यंत ते त्याला उठवत नसत.

खोकला त्याच काळात सुरू झाला. आधी सकाळचा, मग सकाळ-संध्याकाळचा, मग जिना नसलेल्या आमच्या घरात तीन पायऱ्या चढून आल्यावरचा. तोंडाला दुपट्टा बांधूनच ते काम करायचे, पण दुपट्टा तो दुपट्टा. गावातल्या औषधांनी फरक पडेना, तेव्हा अम्मीनं त्यांना यवतमाळला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मीही सोबत होते.

डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "काम काय करता?"

"दुकान हाय गाद्यांचं," अब्बा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मारेगावाबाहेर अब्बा कधीच स्वतःला पिंजारी म्हणत नसत. तो शब्द लोकांनी त्यांना लहानपणापासून इतक्या वेळा फेकून मारला होता की परगावी तो त्यांच्या तोंडून निघत नसे. मला ते कळत होतं. शाळेत मीही वडिलांचं दुकान आहे असंच सांगायची. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे पंख्याखालचं एखादं चकचकीत दुकान आलं असणार, प्लास्टिक लावलेल्या फोमच्या गाद्यांचं. त्यांचा काय दोष?

"घरात एखादं जनावर?"

"कुत्रा हाय," अम्मीनं प्रामाणिकपणे सांगितलं. "लंब्या केसाचा. दिवसभर यायच्याच पायाशी राह्यते."

"मग आधी तो बाहेर काढा," डॉक्टर म्हणाले आणि तोंडात फवारायचा पंप लिहून दिला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही अशी. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच चोर दिसला नाही. पिढ्यान्‌पिढ्या कापूस ज्यांच्या ताटात, केसांत, पिण्याच्या पाण्यावर तरंगत आला, त्यांना कापूस दिसत नाही. कुत्रा दिसतो, कारण तो नवा असतो. मी घरी येईपर्यंत एसटीत भांडले, कुत्र्यानं कुणाला खोकला होतो का म्हणून. अम्मी म्हणाली, "तुले बाप पायजे का कुत्रा?" मी खिडकीबाहेर बघत बसले.

केळापूरच्या पलीकडे एका खेड्यात अब्बांचे एक दोस्त होते, शेतकरी. त्यांच्या दोन्ही लेकींच्या गाद्या अब्बांनी केल्या होत्या, नव्या कापसाच्या, चांगल्या वर्षांतल्या. ते टेम्पो घेऊन वणीला आले होते, जाताना आमच्याकडे थांबले. "मी नेतो त्याले, भाऊ," म्हणाले. "वावरात रानडुक्करं येऊन राह्यले. राखण होईन."

ह्या कुत्र्याला रानडुक्कर पाहून काय वाटेल ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी अब्बांनी त्याला उचलून टेम्पोत ठेवलं, त्याचं गोणपाट ठेवलं, कानांची रिबीन मी ठेवली. टेम्पो निघाला तेव्हा त्याला वाटलं आपण सगळे चाललोय. तो मागे वळून आमची वाट बघत राहिला. दादी ओसरीवर उभी होती. "आता खरी नोकरी लागली त्याले," म्हणाली, पण त्यात नेहमीची धार नव्हती.

तो उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा घर फार स्वच्छ होतं. अम्मीनं कुत्र्याचा एकेक केस शोधून झाडला. शेड धुतली, गोधड्या उकळल्या. अब्बा संध्याकाळी मशीन बंद करून पाटावर बसायचे आणि त्यांच्या हातांना काय करावं ते सुचायचं नाही. भिंतीवर चिमण्या येऊन जायच्या. मला त्या दिवसांत सगळ्यांचाच राग यायचा, चिमण्यांचासुद्धा.

खोकला तसाच होता. पाऊस लागल्यावर तो वाढला. पंप फवारून फवारून अब्बांच्या तोंडाची चव गेली. एकदा सकाळी चहा घेताना त्यांना असा ठसका लागला की कप हातातून पडला. अम्मी पाठ चोळत होती. दादी समोर बसली होती, तिनं सगळं होऊ दिलं आणि मग विचारलं, "कुत्रा तं गेला. खोकला काहून नाही गेला?"

अम्मी खाली वाकून कपाचे तुकडे वेचायला लागली.

"जा, घेऊन ये त्याले," दादी म्हणाली.

पोळ्याच्या आसपास आम्ही गेलो, अब्बा आणि मी. करंजीला गाडी बदलली, पुढे काळीपिवळी जीपनं केळापूर, तिथून खेड्यापर्यंत पायी. अब्बा दर थोड्या अंतरावर थांबत होते आणि पऱ्हाटीकडे बघण्याचं निमित्त करत होते. पऱ्हाटी हिरवी होती, बोंडं अजून फुटली नव्हती. दोस्ताच्या अंगणात कुत्रा बैलांच्या पायाशी पडलेला होता. आम्हाला पाहून तो उठला आणि ओरडला. भुंकणं नव्हतं ते. मी तसा आवाज पुन्हा कुठल्या जनावराचा ऐकला नाही.

त्याच्या अंगावर चिखल वाळला होता, केसांत गोखरू आणि कुसळं घट्ट बसली होती, उजव्या कानाला वास येत होता. दोस्त खजील झाले. "डुक्कर पाहून त्याच्याकडं खेळाले जाते, भाऊ. मंग घरीच ठेवला. बायको दूध-भाकर देते त्याले, पन हे केस काई आमच्यानं होत नाही."

अब्बांनी खिशातून कंगवा काढला. तो त्यांनी सोबत आणला आहे, हे मला माहीत नव्हतं. ओट्यावर बसून, कुत्र्याला गुडघ्यांत धरून, थांबून थांबून दम घेत त्यांनी त्याला विंचरलं. माती निघाली, काटे निघाले, तपकिरी केसांच्या गाठी निघाल्या. अब्बांनी कंगवा उजेडात धरून उलटासुलटा केला.

"पांढरं नाही निघालं," ते म्हणाले.

"कुठून निघेल? इथं मशीन कुठं हाय?" मी म्हटलं, आणि पाणी प्यायला आत गेले.

येताना अब्बा वाटभर कंगवा हातात घेऊन बघत होते. काळीपिवळीत कुत्रा त्यांच्या मांडीवर होता आणि शेजारची बाई लुगडं सावरून लांब सरकून बसली होती. मला वाटलं दम लागलाय म्हणून बोलत नाहीत.

घरी आल्यावर त्याला आंघोळ घातली. जनावरांच्या दवाखान्यातून कानात टाकायचं औषध आणलं. तो पुन्हा शेडमध्ये मशीनच्या शेजारी, आपल्या गोणपाटावर. त्या आठवड्यात जुन्या गाद्यांचं काम फार होतं. अब्बा रोज विंचरायचे आणि रोज कंगवा बारकाईनं बघायचे. मग एका संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना हाक मारून शेडच्या दारात बोलावलं. त्यांच्या तळहातावर कंगव्यातला गोळा होता. मधे थोडे तपकिरी केस, बाकी सगळं पांढरं, मळकट पांढरं.

"हे एका दिवसाचं हाय," ते म्हणाले. "हे याच्या आंगावरून निघते. माह्या आंगावरचं पान्यानं जाते. पन आत जे गेलं, ते कोन्त्या कंगव्यानं काढू?"

मी त्या गोळ्याकडे बघत होते आणि मला आठवत होतं, किती वर्षं मी तो रोज बघितला होता आणि मला त्यात फक्त चिमण्या दिसल्या होत्या. त्या क्षणी मला जे भय वाटलं ते अजून छातीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी कुत्र्याचं गोणपाट उचललं आणि ओसरीवर आणून टाकलं. दादी तिथंच तसबीची माळ घेऊन बसली होती. कुत्रा ओसरीच्या पायरीशी येऊन थांबला, त्याला अट पाठ होती.

"आजपासून याची बदली," अब्बा म्हणाले. "तिथं नाही ठेवत मी याले. बिचाऱ्याच्या छातीत जाईन."

दादीनं कुत्र्याकडे पाहिलं, मग बाजूला सरकून जागा केली. "आन तुही बदली कवा?"

"माही बदली करनारा साहेब वर हाय, अम्मा," अब्बा म्हणाले, तोंडाला दुपट्टा बांधला आणि शेडमध्ये जाऊन मशीन सुरू केलं.

त्यानंतर ते पुन्हा यवतमाळला गेले. ह्या वेळी डॉक्टरांनी विचारायच्या आधीच म्हणाले, "मी पिंजारी हाय." डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी कधीपासून, किती तास, शेडला खिडकी आहे का, सगळं विचारलं. हे काम आजच बंद करा, म्हणाले. जे झालंय ते मात्र परत भरून येत नाही, असंही म्हणाले, अगदी हळू आवाजात. मला ते डॉक्टर वाईट वाटत नाहीत. त्यांना पहिल्यांदा खरं सांगितलं असतं तर एक उन्हाळा आणि एक पावसाळा वाचला असता, बाकी काय वाचलं असतं ते मी ठरवू शकत नाही.

मला शाळेत नोकरी लागेपर्यंत मशीन चालूच होतं, कमी कमी होत. नोकरी लागली त्या दिवशी मी पेढे घेऊन आले आणि सरळ शेडमध्ये जाऊन मशीनचा खटका बंद केला. अब्बांनी अडवलं नाही. त्यानंतर ते ओसरीवरच बसायचे, पाठीला उशी, अंगात बारमाही पिंजताना घालायचा तोच जुना स्वेटर, पायावर कुत्र्याचं डोकं. उंबऱ्याच्या आत तो शेवटपर्यंत गेला नाही, त्याला आत घ्यावं लागलंच नाही, कारण घरच ओसरीवर आलं होतं. जेवणं तिथं, चहा तिथं, मी वह्या तपासायची तिथं. दादी अजूनही त्याला हात लावत नसे, पण भाकरीचा शेवटचा घास त्याच्या बाजूला ठेवून दुसरीकडे बघायची. कुणी पाहुणी आली आणि नाक मुरडलं की म्हणायची, "राखणीचा हाय."

"कायची राखण?" एकीनं विचारलंच.

"माह्या लेकाची," दादी म्हणाली.

मशीन बंद झालं तरी कंगव्यात पांढरं निघत राहिलं. पत्र्याच्या फटींतून, भिंतींतून, अब्बांच्या त्या स्वेटरमधून ते येत होतं. अब्बा रोज संध्याकाळी विंचरायचे, दोन हात मारून थांबायचे, पुन्हा दोन हात. गोळा लहान होत गेला. ते म्हणायचे, "कमी होऊन राह्यलं," आणि ते कापसाबद्दल बोलतायत की श्वासाबद्दल, हे मी विचारलं नाही.

हिवाळ्याच्या एका सकाळी, ओसरीवर ऊन आल्यावर, ते गेले. कुत्रा त्यांच्या पायाशी होता. त्यानं काही केलं नाही, ओरडला नाही. अम्मीनं त्याला उठवलं तेव्हा तो उठला आणि शेडच्या बंद दाराशी जाऊन बसला.

चाळिसावा झाला. रीतीप्रमाणे अब्बांचे कपडे गरिबांना दिले, स्वेटरही गेला. मशीन विकलं, आणि घेणाऱ्यानं ते उचलल्यावर अम्मीनं शेड पाण्यानं धुऊन काढली. त्यानंतर बरेच दिवस कुत्र्याला विंचरायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्याच्या केसांच्या गाठी झाल्या होत्या. मी रविवारी करू, रविवारी करू म्हणत होते.

एका संध्याकाळी शाळेतून आले, तर ओसरीवर दादी पाटावर बसलेली. कुत्रा तिच्या गुडघ्यांत, आणि तिच्या हातात तो लोखंडी कंगवा. इतक्या वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा हात लावला होता. तिला विंचरता येत नव्हतं, गाठी ओढल्या जात होत्या, पण तो हलत नव्हता. ती सावकाश विंचरायची, कंगवा डोळ्यांजवळ न्यायची, बोटांनी केस वेगळे करून बघायची आणि पुन्हा विंचरायची. मी जवळ जाऊन बसले. कंगव्यात फक्त तपकिरी केस होते.

"पांढरं काहीच नाही निघत वं," दादी म्हणाली.

मी तिला सांगू शकले नाही की नाही निघणार आता. तिलाही ते माहीत होतं. तिनं ते केस गोळा करून मागच्या भिंतीवर ठेवले, परत येऊन पाटावर बसली आणि कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. मशिदीतून अजान सुरू झाली. अम्मीनं पाण्याची बादली आणि साबण आणून तिच्याजवळ ठेवला. दादी हात धुवायला उठली नाही.